फौजदार खोटे यांची बदली

सातारा शहरात एक निवृत्त सुभेदार असे होते, की खरा फौजदार दारावरून गेला तरी ते खुर्चीतून हलत नसत; पण आकाराम बहुरूपी खाकी चढवून गल्लीत शिरला की ओट्यावर ताठ उभे राहून सलाम ठोकत. आकाराम तो सलाम डाव्या हातानं परत करायचा. मग सुभेदार ओरडायचे, "उजवा हात, उजवा! कुठल्या सेंटरला ट्रेनिंग झालं तुझं?" आकाराम खिशातून नसलेलं वॉरंट काढायचा, थुंकी लावून त्याची नसलेली पानं उलटायचा आणि वाचायला लागायचा, "सुभेदार, तुमच्यावर केस हाय. पेन्शन सरकारची खाता आन् भिता बायकूला. सरकारचा अपमान हाय ह्यो. चला चौकीला." घरातून हसण्याचा आवाज यायचा, पोरं गोळा व्हायची आणि सगळी गल्ली आपापल्या गुन्ह्याची वाट बघत दारात उभी राहायची.

दिवाळीनंतरचे काही महिने त्याचा फेरा साताऱ्याकडं असे. बाकीचं वर्ष सांगली जिल्ह्यात. घर कवठे महांकाळच्या पुढं, मुरमाड माळावर, जिथं बहुरूप्यांची थोडी घरं एकमेकांना धरून उभी होती. बायको साळूबाई द्राक्षबागांत मजुरीला जायची. मुलगी लग्न होऊन जतकडं गेली होती. आकारामकडं सोंगं पुष्कळ होती. डॉक्टर होता, पोस्टमन होता, नवरी बघायला आलेला बहिरा म्हातारा होता. पण त्याच्या बापानं फौजदाराचं सोंग करावं आणि आकारामनं ते पुढं न्यावं, असं घरात ठरल्यासारखंच होतं.

खाकी त्यानं मिरजेच्या शिंप्याकडून शिवून घेतली होती. खांद्यावर ताऱ्यांच्या जागी थंड पेयाच्या बाटल्यांची ठोकून चपटी केलेली बुचं होती. छातीवर पाटी होती: 'ख. रा. खोटे, फौजदार'. एक कमरेचा पट्टा तेवढा खरा होता. तो त्याला दादासो हवालदारानं दिला होता. दादासो मूळचा साताऱ्याकडचा, ऊसवाल्या घरातला, नोकरीनं इकडं आलेला. आकारामला चालताना बघून तो एकदा म्हणाला होता, "गड्या, आमाला ट्रेनिंगात काठीनं मारून चालायला शिकिवलं, तरी तुझ्यावानी जमत न्हाई बग." जुना पट्टा त्यानं कौतुकानं दिला. आकारामला ती शाबासकी बक्षिसापेक्षा मोठी वाटली.

बापानं एक पथ्य मात्र घालून दिलं होतं. टोपी डोक्यावर असताना हात पसरायचा नाही. आधी टोपी काढायची, आपलं खरं नाव सांगायचं आणि मगच मागायचं. "न्हाईतर आपल्यात आन् त्येंच्यात फरक काय ऱ्हायला?" असं बाप म्हणायचा. आकारामनं हे पथ्य कधी मोडलं नाही.

१९९४ च्या उन्हाळ्यात दुष्काळी भागात टँकर कधी येत होता, कधी येत नव्हता. करंजओढा नावाच्या बाजारगावात ग्रामपंचायतीसमोर नळांची एक ओळ होती आणि त्यांतून हिवाळ्यापासून थेंब आला नव्हता. गावोगावी पाणी समित्या निघाल्या होत्या. सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या विनोदिनी वकील त्यांच्या बैठकांना एस.टी.नं यायच्या, भाषण करायच्या आणि शेवटच्या गाडीनं परत जायच्या. आकारामला या सगळ्यात रस नव्हता. सोंग घेणाऱ्यानं कुणाच्या बाजूला उभं राहू नये, असं त्याला वाटायचं. बाजू घेतली की निम्मं गाव हसायचं थांबतं.

त्या दिवशी करंजओढ्याचा बाजार होता. ऊन असं होतं की भाजीवाल्या बायका कोथिंबिरीवर ओली पोती टाकून बसल्या होत्या. आकाराम खाकीत फिरत होता, पण लोकांना हसायचा उत्साह नव्हता. एका कलिंगडवाल्याला त्यानं 'पोटात लाल झेंडे लपवल्याबद्दल' पकडलं, तरी फारसं कुणी हसलं नाही. मग त्याची नजर त्या कोरड्या नळांकडं गेली. पुढं काय करायचं याचा विचार त्यानं केला नव्हता. खेळ पडायला लागला की हात आपोआप काहीतरी शोधतात, तसं झालं. त्यानं शिट्टी मारली, कमरेची दोरी सोडली आणि पहिल्या नळाला बांधली.

"नाव सांग!" तो नळावर गुरकावला. "बोलत न्हाईस? बरं. पाणी कुटं नेलंस? कुणाला इकलंस?"

बाजार वळून बघायला लागला. आकारामनं नळाला कान लावला, मान हलवली. "काय म्हंतोस? सायबांची नावं घेऊ नगं? बरं, मग हळू सांग. माज्या कानात सांग."

आता लोक हसत होते. कुणीतरी मागून ओरडलं, "आवं फौजदार, आमी सांगतो! पुढाऱ्याच्या द्राक्षबागेत गेलं पाणी!" दुसऱ्यानं टँकरवाल्याचं नाव घेतलं. तिसऱ्यानं ऑफिसातल्या कुणाचं घेतलं. आकारामनं एकही नाव उच्चारलं नव्हतं, पण लोकांनी उच्चारली. तो हवेत पंचनामा लिहीत राहिला. मग खेळ संपवायचा म्हणून तो म्हणाला, "चला, आरोपीला हापिसात न्यायचा हाय," आणि नळाची दोरी सोडून, ती खांद्यावर टाकून, नळ मागून ओढत नेत असल्यासारखा, सरकारी ऑफिसच्या दिशेनं चालायला लागला.

चार पावलं टाकून वळायचं आणि टोपी काढायची, असं त्याच्या मनात होतं. पण मागं बघितलं तर सगळा बाजार त्याच्या मागून येत होता. रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका पुढं होत्या. कोणी हसत नव्हतं. सिद्धू हॉटेलवाला चहाचं फडकं खांद्यावर टाकून आला होता आणि म्हणत होता, "थांबू नगंस आकाराम, हो म्होरं." आकारामला थांबायचं होतं, पण मागून येणाऱ्या लोंढ्यापुढं थांबता येईना. ऑफिसच्या फाटकाशी तो बाजूला झाला. लोक आत गेले, टँकरच्या साहेबाला घेराव पडला, संध्याकाळपर्यंत घोषणा चालल्या. कुणाला मार लागला नाही, काच फुटली नाही. पण खोट्या फौजदाराच्या शिट्टीवर गाव चाललं, ही गोष्ट खऱ्या फौजदाराच्या कानावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वस्तीवरून उचललं.

करंजओढ्याच्या चौकीत नवे साहेब नुकतेच आले होते. तरुण, शहरातले, आवाज न चढवता बोलणारे. आकारामला ते जास्त भयंकर वाटलं. ओरडणाऱ्या फौजदाराची नक्कल त्याला येत होती. याची नक्कल कशी करायची, हे त्याला कळेना.

"नाव?"

"आकाराम."

"छातीवर तर खोटे लिहिलंय."

"त्ये सोंगाचं नाव हाय साहेब."

"सरकारी नोकर असल्याची बतावणी करणं गुन्हा आहे, माहीत आहे?"

"पिढीजात करतोय साहेब. माजा बाप करायचा, आजा करायचा."

"म्हणजे पिढीजात गुन्हा." साहेब जराही हसले नाहीत. "कपडे उतरव."

आकाराम बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर फरशीवर बसला. साहेबांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. बुचांकडं बघून ओठ वाकडे केले. पट्टा हातात घेतल्यावर मात्र ते थांबले. बक्कल उलटून बघितलं.

"हा खरा आहे. कुणी दिला?"

दारात दादासो हवालदार उभा होता. त्याचं तोंड बाहेरच्या लिंबाकडं होतं, पण मान ताठ झाली होती. एक शब्द गेला असता तर त्याची नोकरी गेली असती.

"भंगारात घावला साहेब. मिरजंच्या बाजारात."

"नीट आठव."

"भंगारातच घावला."

साहेबांनी परत विचारलं, मग परत. जेवणाच्या वेळेपर्यंत तेच चाललं. आकारामचं उत्तर बदललं नाही. आयुष्यभर त्यानं लोकांना खोट्या चौकशीत घाम फोडला होता. खरी चौकशी अशी असते, एकच प्रश्न पुन्हापुन्हा, त्याच आवाजात, हे त्याला त्या दिवशी कळलं.

केस झाली. खाकी, टोपी, शिट्टी, पट्टा, पाटी असा सगळा मुद्देमाल जप्त झाला. सिद्धूनं जामीन राहून त्याला सोडवून आणलं.

आठवड्यानं परत बोलावणं आलं. साळूबाईनं भाकरी बांधून दिली, कारण या वेळी ठेवून घेतील असंच दोघांना वाटत होतं. पण या वेळी साहेबांनी खुर्ची दिली. चहा मागवला. चौकीचं दार सताड उघडं होतं आणि रस्त्यावरून येणारे-जाणारे बघत होते.

"तू कलावंत माणूस आहेस," साहेब म्हणाले. "मला तुझं नुकसान करायचं नाही. खाकी परत देतो. वर लेखी परवानगी देतो, म्हणजे कुठल्या चौकीत अडवणार नाहीत. केस आहे तिथंच पडून राहील."

चहा प्यावा की नाही, हे आकारामला समजेना. चहा निवला.

"तुला सगळी दारं उघडी असतात. समितीच्या बैठका कुणाच्या घरी होतात, कोण येतं, ती वकीलबाई काय बोलते, एवढंच कानावर घालायचं. महिन्यातून एकदा. यात लाज कसली? शिवकाळात तुमच्याच लोकांनी सोंगं घेऊन हेरगिरी केली. तेव्हा ते स्वराज्याचं काम होतं, आता हे सरकारचं."

"इचार करतो साहेब," एवढंच आकाराम म्हणाला आणि उठला. चहा मात्र त्यानं उभ्याउभ्या पिऊन टाकला, न पिण्याची भीती वाटली म्हणून.

जे बोलायचं होतं ते तो घरी बोलला. साळूबाई चुलीपाशी होती. "आगं, तवाची मान्सं वैऱ्याच्या किल्ल्यात शिरायची. आन् मी? ज्यांच्या दारात आपल्याला भाकरी मिळती, त्येंच्याच चुलीपाशी कान लावू व्हय?"

"मग तितंच सांगायचं हुतं की त्येला."

"जीभच वळली न्हाई."

साळूबाईनं तवा उतरवला. मग म्हणाली, "तू न्हाई म्हणशील ह्ये मला म्हाईत हाय. पर बाकीच्यांनी तुला खुर्चीवर बसून च्या पिताना बगितलंय."

तिचं म्हणणं खरं निघायला वेळ लागला नाही. खाकी नव्हती म्हणून आकाराम डॉक्टरचं सोंग घेऊन फिरायला लागला. गळ्यात सायकलच्या ट्यूबची नळी, हातात जुनी बॅग. पण तो वाड्यावस्त्यांवर पोचला की चाललेली बोलणी थांबायची. बायका भाकरी द्यायच्या, पण उंबऱ्याबाहेर येऊन. पोरांना आत बोलावून घेतलं जायचं. सिद्धूच्या हॉटेलात त्याच्या बाकावर कुणी बसेना. सिद्धू स्वतः वाईट वागला नाही, पण चहा ठेवून लगेच भट्टीकडं वळायला लागला. मग एका पहाटे समितीच्या दोन तरुणांना पोलिसांनी घरातून नेलं. कुणी सांगितलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आकारामकडं बघायची लोकांची नजर मात्र त्या दिवसापासून पक्की झाली.

जीप दिसली की तो ओढ्यात उतरायचा. चौकीत जाऊन 'नाही' सांगावं तर केस अंगावर येणार, न सांगावं तर साहेब 'हो' समजणार. झोपेत तो बोलायला लागला. "भंगारात घावला, भंगारात घावला," असं तो पुटपुटायचा आणि साळूबाई त्याला हलवून जागं करायची.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस अजून कुठंच नसताना, करंजओढ्याच्या शाळेच्या मैदानात सकाळी समितीची सभा भरली. विनोदिनी वकील बोलत होत्या. मागं बंदोबस्ताला दादासो आणि दोन शिपाई उभे होते. भाषण मध्यावर असताना आकाराम माणसांतून वाट काढत पुढं गेला. अंगात साधं धोतर, सदरा. तोंडाला रंग नाही. विनोदिनीबाई थांबल्या. त्यांना वाटलं, कुणी तक्रार सांगायला आलंय. त्यांनी माइक पुढं केला.

"मी आकाराम बहुरूपी," तो म्हणाला. "मला फौजदार सायबांनी बोलिवलं हुतं. खुर्ची दिली. च्या दिला. म्हणाले, समितीत कोण काय बोलतंय त्ये मला येऊन सांग."

लोक हसले. आधी पुढची पोरं, मग सगळे. आकाराम आला, माइक धरला, फौजदाराचं नाव घेतलं म्हणजे खेळ सुरू झाला, अशी त्यांची पंचवीस वर्षांची सवय होती.

"हसू नगा. मी खरं सांगतोय."

हशा वाढला. हे वाक्य तर तो प्रत्येक खेळात म्हणायचा. कुणीतरी ओरडलं, "वॉरंट काढा फौजदार!" आकारामनं हात जोडले, त्यावरही लोक हसले. आपण आयुष्यभर जे कमावलं ते आज आपल्याच अंगावर आलंय, असं त्याला वाटलं. तो बोलत राहिला. मी हो म्हटलं नाही, कुणाचं नाव सांगितलं नाही, पोरांना मी धरून दिलं नाही. आणि प्रत्येक वाक्याला मैदान खदखदत राहिलं.

तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून साळूबाई उठली. ती त्याच्या खेळाला कधी येत नसे. नवऱ्याला सोंगात बघायला तिला आवडायचं नाही. ती उभी राहिली तशी आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या.

"खरं बोलतोय त्यो," ती म्हणाली. तिला माइकची गरज पडली नाही. "रोज निजंत वरडतोय. ह्ये सोंग न्हाई. माजा नवरा हाय त्यो."

मैदान शांत झालं. मागच्या बाजूला दादासोनं टोपी काढून घाम पुसला. विनोदिनीबाईंनी आकारामच्या हातातला माइक काढून घेतला. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "तुमची केस मी चालवते."

साहेबांनी पुन्हा बोलावलं नाही. पण कागद हलले. तालुक्याच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या, आणि प्रत्येक तारखेला आकाराम आणि साळूबाई सकाळच्या गाडीनं जाऊन व्हरांड्यात बसायचे. कधी साहेब रजेवर, कधी वकील संपावर. या सगळ्यात दोन पावसाळे गेले. लोक आता त्याच्याशी बोलत होते, काही तर जास्तच बोलत होते. ज्या पोरांना उचललं होतं त्यांतला एक त्याच्या पाया पडून गेला. आकारामला त्यानं बरं वाटलं नाही. उद्या हाच पोरगा परत संशयानं बघेल, असं त्याला वाटत राहिलं.

सुनावणीच्या आधी विनोदिनीबाईंनी त्याला समजावून सांगितलं. "आकाराम, गणवेश घालणं हाच गुन्हा नाही. लोकांना तुम्ही खरे पोलीस वाटावं म्हणून घातला असेल, तर गुन्हा. म्हणजे आपल्याला एवढंच दाखवायचंय की तुम्ही कुणालाही, कधीही, क्षणभरसुद्धा खरे पोलीस वाटला नाहीत."

आकारामनं मान हलवली. त्याचा अर्थ त्याला कोर्टात उभं राहिल्यावर कळला.

सिद्धू साक्षीला आला. "ह्यो पोलीस? आवं, शेंबडं पोरगंबी वळखतं. बुचं लावल्यात खांद्यावर." बाजारातली भाजीवाली भामाबाई आली. "त्येला कोण भितंय? माजी शेळीबी भीत न्हाई." कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनीही बुचं हातात घेऊन बघितली. आरोपीच्या पिंजऱ्यात आकाराम खाली बघत उभा होता. करंजओढ्याच्या बाजारात तो शिरला की याच भामाबाईचा तराजू घाईघाईनं सरळ व्हायचा, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी कितीदा बघितलं होतं. एक क्षण, टोपी दिसल्यावरचा, जेव्हा माणसाच्या छातीत धस्स होतं आणि मग हसू येतं, तेवढ्यासाठी त्याच्या बापानं त्याला उन्हात तासन् तास चालायला लावलं होतं. तो क्षण कधी नव्हताच, असं सगळे शपथेवर सांगत होते. त्याच्या भल्यासाठीच सांगत होते.

शेवटी सरकार पक्षाकडून दादासो हवालदार उभा राहिला. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीची चाल, बोलणं, वागणं पोलिसासारखं होतं की नाही?"

दादासोनं आकारामकडं बघितलं नाही. "न्हाई साहेब. पोलिसाचं त्येला कायबी जमत न्हाई. चालबी जमत न्हाई."

सरकारी वकील चिडले. साक्षीदार उलटला होता. विनोदिनीबाईंच्या तोंडावर समाधान होतं. आकारामनं मात्र पिंजऱ्याच्या कठड्याला घट्ट धरलं. पट्ट्याबद्दल आपण तोंड उघडलं नाही, त्याची ही परतफेड आहे, हे त्याला कळत होतं. दादासोनं साहेबांची मर्जी घालवून आपल्याला वाचवलंय, हेही कळत होतं. तरी ते वाक्य त्याला लागलं ते लागलंच. बाहेर आल्यावर दादासो लिंबाखाली बिडी ओढत होता. आकाराम त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला. दादासो म्हणाला, "वाईट वाटून घिऊ नगंस, गड्या." आकाराम म्हणाला, "न्हाई वाटलं." दोघांनाही माहीत होतं की वाटलंय.

निकाल लागला. निर्दोष. मुद्देमाल परत देण्याचा हुकूम झाला. दादासोची त्याच महिन्यात लांबच्या एका ठाण्यात बदली झाली. त्याचं कारण कुणी सांगितलं नाही.

खाकी मिळाली तेव्हा तिला कुबट वास येत होता आणि घड्यांवर चट्टे पडले होते. साळूबाईनं ती दोनदा धुतली. त्या दिवाळीनंतर आकाराम ती घेऊन साताऱ्याला गेला. सुभेदारांची गल्ली तशीच होती, सुभेदार मात्र जास्त वाकले होते. त्यांनी ओट्यावर उभं राहून सलाम केला. आकारामनं डावा हात उचलला, वॉरंट काढलं, थुंकी लावली. पोरं जमली. आणि गल्लीच्या तोंडाशी एक जीप येऊन थांबली. पोलिसांची होती, पण त्यांना कुणाचा तरी पत्ता हवा होता. त्यांनी तो विचारला आणि ते निघून गेले. तेवढ्या वेळात आकारामनं स्वतःच टोपी काढली, बगलेत धरली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. सुभेदार खाली उतरून आले. "काय झालं रे आकाराम?" त्यांनी विचारलं.

नंतर त्यानं ते सोंग घेतलं नाही. डॉक्टर घेतला, पोस्टमन घेतला. लाइनमनचं एक नवं सोंग बसवलं, तेही चांगलं चाललं. पोरं विचारायची, "फौजदार खोटे कवा येणार?" आकाराम म्हणायचा, "बदली झाली त्येंची." पोरं हसायची. मोठी माणसं तेवढं हसायची नाहीत.

१९९९ च्या श्रावणात करंजओढ्याच्या चौकीतून पुन्हा निरोप आला. साहेब बदलले होते, हे आकारामला ठाऊक होतं, पण निरोप तोच होता: सकाळी हजर राहा. साळूबाईनं काही न विचारता एका पिशवीत धोतर, पांघरूण आणि भाकरी भरली. तीही बरोबर निघाली. ती एस.टी. स्टँडवर थांबली, तो आत गेला.

नवे साहेब वयस्क होते, गालात पान होतं. "ये, ये. तूच का तो बहुरूपी? तुझी केस मी वाचली. हसून हसून पुरेवाट झाली माझी." त्यांनी खुर्ची दाखवली. आकाराम बसला नाही. "गणपतीत आमच्या पोलीस लाइनीत कार्यक्रम असतो, बायकापोरं असतात. तुझं ते फौजदाराचं सोंग ठेवू म्हणतोय. कुणी तुला हात लावणार नाही, मीच बोलावतोय म्हटल्यावर. काय?"

साहेबांच्या बोलण्यात खोट दिसत नव्हती. खरंच माणूस चांगला असेल. आकाराम त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिला, लोकांचे चेहरे वाचण्यात त्याची हयात गेली होती. पण खाकीच्या वरचा चेहरा त्याला आता वाचता येत नव्हता. चहाचा कप आला आणि त्याच्यासमोर ठेवला गेला.

"साहेब," तो म्हणाला, "त्ये सोंग मला आता येत न्हाई."

"अरे, येत नाही कसं? आयुष्य गेलं तुझं त्यात."

"कोर्टात साक्ष झालीया साहेब. मला त्यातलं कायबी जमत न्हाई."

साहेब मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोदच वाटला. "बरं, बघ विचार करून. घाबरतोस काय एवढा?" असं म्हणून त्यांनी फाइल ओढली. आकाराम नमस्कार करून बाहेर पडला. मागून कुणी हाक मारली नाही. तरी तो रस्त्याच्या कडेकडेनं, मागं न बघता, भराभर स्टँडवर आला.

साळूबाई पिशवी पोटाशी धरून बसली होती. त्याला बघून उठली. "काय म्हणाले?"

"सोंग कर म्हणाले. त्येंच्या लाइनीत."

"मग?"

"न्हाई म्हणलं."

"त्वांडावर?"

"व्हय."

समोर सांगलीची गाडी लागली होती. त्यांची वस्ती दुसऱ्या दिशेला होती, पण तिकडची गाडी येईपर्यंत या गावात थांबायला नको म्हणून आकाराम त्याच गाडीत चढला आणि साळूबाई त्याच्या मागून चढली. गाडी सुटली. तो खिडकीशी बसला, हात मांडीखाली दाबून. चौकीवरून गाडी गेली तेव्हा दारातल्या शिपायानं सहज मान वर करून बघितलं. साळूबाई मागच्या काचेतून त्या शिपायाकडं बघत राहिली, वळण येऊन चौकी दिसेनाशी होईपर्यंत.